साडूविरुद्ध आठ आठवड्यांचा कोर्स

पेंटर कॉम्प्युटर शिकला तो हौसेने नाही, पोटासाठी नाही, आणि म्हातारपणी डोकं ताजं राहावं म्हणून तर मुळीच नाही. तो शिकला साडूचा काटा काढायला.

चाळीस वर्षं तो दुकानांच्या पाट्या रंगवत आला होता. त्याच्या हाताचं वळणच असं, की अक्षर पाटीवर लिहिलेलं वाटायचं नाही, नुकतंच येऊन टेकल्यासारखं वाटायचं. त्याचा 'अ' पोट सुटलेला, खाऊनपिऊन सुखी. त्याचा 'ळ' म्हणजे डोळे मिटून बसलेली मांजर. एकदा त्याने औषधांच्या दुकानासाठी 'आज बंद आहे' अशी पाटी इतकी देखणी रंगवली, की लोक लांबून ती बघायला यायचे आणि औषध न घेताच बरे होऊन जायचे. दुकानदाराने शेवटी हात जोडून ती पाटी परत केली.

हे सगळं वळण त्याने एका जाडजूड वहीत उतरवून ठेवलं होतं. ती वही त्याच्या साडूने, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, "दोन दिवस बघायला" म्हणून नेली. साडूचं रस्त्याच्या पलीकडे फ्लेक्स छापायचं दुकान. दोन दिवसांचे आठ महिने झाले, आणि एक दिवस पेंटर घराबाहेर पडून बघतो तर काय, न्हाव्याच्या दुकानावर त्याचा 'अ' पोट पुढे काढून बसलेला! शिंप्याच्या दुकानावर त्याची मांजर! रस्ताभर त्याची अक्षरं, आणि एकाही अक्षराला त्याचा हात लागलेला नाही.

साडूने वहीतलं एकेक अक्षर यंत्रात घालून त्यांचा फॉन्ट केला होता. फॉन्ट म्हणजे अक्षरांचा साचा. कळ दाबली की अक्षर हजर, घाम गाळायला नको. हा साचा तो आसपासच्या सगळ्या छापखान्यांना विकत होता. आणि कॉम्प्युटरवर साच्यांची यादी उघडली की त्या साच्यापुढे नाव कुणाचं? साडूचं. वडिलांच्या नावासकट.

पेंटर रस्ता ओलांडून गेला.

"वही दे."

"सापडत नाहीये हो, साडूभाऊ. शोधतोय."

"आणि ही अक्षरं?"

"अक्षरं काय," साडू यंत्रावरची धूळ फुंकत म्हणाला, "कुणाच्या बापाची असतात?"

पेंटर तेही गिळून आला असता. पण दुसऱ्याच आठवड्यात तो एका दातांच्या डॉक्टरणीची पाटी रंगवत होता. नवीन दवाखाना, तरुण मुलगी. ती बाहेर येऊन बराच वेळ बघत उभी राहिली आणि कौतुकाने म्हणाली, "काका, काय सुंदर काढता! अगदी फ्लेक्सवरच्यासारखं. त्यांच्याकडूनच शिकलात का?"

पेंटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असं सांगतात, की हातातल्या ब्रशवरचा रंग जागच्या जागी वाळला.

त्या दिवसापासून त्याला एकच गोष्ट हवी होती: यादीत त्या साच्यापुढे स्वतःचं नाव. ते मिळत नसेल, तर निदान साडू चोर आहे हे सगळ्या जगाला कळायला हवं होतं. यातलं दुसरं त्याला सोपं वाटलं.

"मग वेबसाइट काढा," विमा कंपनीत नोकरी करणारी त्याची मुलगी म्हणाली.

"काढून दे."

"मी नाही पडणार यात. मला मावशीकडे जायचं असतं."

"मावशीकडे जायचं असतं. आणि बापाकडे?"

"बापाकडे राहतेच आहे की! तेवढी शिक्षा पुरे."

तिने आपला जुना कॉम्प्युटर घराच्याच पुढच्या भागातल्या दुकानात, रंगांच्या डब्यांशेजारी मांडून दिला, त्याचं नाव एका फुकटच्या ऑनलाइन कोर्सला घातलं – वेब डेव्हलपमेंटची तोंडओळख, आठ आठवडे – आणि सांगितलं, "तुम्ही तिथे काय लिहिताय ते मी बघणार नाही. मला विचारू नका, दाखवू नका. मावशीने विचारलं तर खोटं बोलता यायचं नाही मला."

कोर्स शिकवणारी बाई पडद्यावर यायची ती हसतच. "नमस्कार मित्रांनो!"

"कोण मित्र?" पेंटर पडद्याला म्हणाला. "ओळख ना पाळख."

"आज आपण आपलं पहिलं पान तयार करणार आहोत. चुका झाल्या तर घाबरू नका!"

"तू घाबर."

अशी त्यांची शिकवणी चालायची. बाईचा व्हिडिओ बारा मिनिटांचा; पेंटरला तो संपवायला दीड तास लागायचा, कारण दर वाक्याला थांबवून तो उलट उत्तर द्यायचा. तरी डोकं तल्लख. पानावरच्या प्रत्येक गोष्टीच्या आधी एक खूण उघडायची आणि नंतर ती मिटवायची, हे त्याला पहिल्याच दिवशी पटलं. रंगाचा डबा उघडला की झाकण लावायचं, नाहीतर सगळा माल वाळतो; त्यात शिकवण्यासारखं काय आहे, असं त्याने बाईला ऐकवलं. रंगांच्या धड्याला मात्र तो भडकला. बाई म्हणाली, इथे तब्बल एक कोटी साठ लाखांहून जास्त रंग मिळतात. पेंटरने त्यातले शंभरएक पाहिले आणि "सगळे पाणचट" असा निकाल दिला. मापांच्या धड्याला तर तो खुर्चीतून उठलाच.

"पानाची मापं शक्यतो टक्क्यांत द्या," बाई म्हणाली, "म्हणजे ते सगळीकडे नीट दिसेल."

"तुझ्या बापाने घर टक्क्यांत बांधलं का?" पेंटर म्हणाला, आणि त्याने फूटपट्टी आणून पडदा मोजला. उभा, आडवा, तिरका. मग पाटी आखतात तसं सगळं आखून घेतलं: डावीकडून एवढं, वरून एवढं, मध्ये ठळक शब्द.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पान तयार झालं. वर लाल रंगात 'चोर'. खाली साडूचं नाव, वहीची हकिकत, आणि साडू चित्रकलेच्या परीक्षेत तीनदा नापास झाला होता ही बाब. पेंटरने फाईलवर दोनदा टिचकी मारली. पान उघडलं. मोठ्ठं, झगझगीत, पडदाभर.

पेंटर उठून उभा राहिला.

आता चाळीस वर्षं ज्याने पाट्या रंगवल्या त्याचा हिशेब सरळ असतो. रंगवली, उभी केली, जगाने वाचली. लिहिणाऱ्यापुरतीच दिसणारी पाटीही असू शकते, हे त्याच्या स्वप्नातसुद्धा आलं नसतं. आणि कुणाला विचारून बघावं, तर त्याच्या धंद्यात जुना दंडक होता: 'माझी पाटी पाहिलीत का' असं विचारतो तो पेंटर कच्चा. पाटीने बोलायचं, पेंटरने गप्प बसायचं.

तेव्हा तो दुकानाबाहेर स्टूल टाकून गप्प बसला, आणि रस्त्याकडे बघू लागला.

जगाने वाचलं होतं, यात शंकाच नव्हती. औषधवाला समोरून आला आणि मान खाली घालून गेला. न्हावी गिऱ्हाइकाच्या कानात काहीतरी बोलला आणि दोघे हसले. आणि दुपारी तर कहरच झाला: साडूने स्वतःच्या दुकानावरची पाटी उतरवली! दोन माणसं शिडी लावून ती खाली घेत होती आणि साडू कपाळाला हात लावून उभा होता. पाटीचा खिळा सुटला होता हे रस्त्यात सगळ्यांना माहीत होतं, पेंटर सोडून.

"लाज वाटली वाटतं," पेंटर बायकोला म्हणाला.

"कुणाला?"

"तू नाही वाचलंस?"

"मला भाजी निवडायचीये," बायको म्हणाली. पेंटरने समजायचं ते समजून घेतलं. बहिणीची बाजू घेतेय.

पण साडू माफी मागायला येईना. तेव्हा पेंटरने रोज सकाळी पानात भर घालायला सुरुवात केली. आधी साडूचे जुने गुन्हे: लग्नात पेंटरची नवी चप्पल घालून गेला आणि तिच्या जागी आपली जुनी ठेवून गेला होता. मग औषधवाला, कारण वाचूनही शब्दाने बोलला नाही. मग न्हावी, कारण हसला. शिंपी, कारण हसला नाही. दातांची डॉक्टरीण. कोर्सची बाई, तिच्या दातांसकट. पाचव्या आठवड्यात पानावर एक्केचाळीस माणसं झाली होती, प्रत्येकाला वेगळा परिच्छेद, वेगळा रंग. वरून खाली जायला माऊसचं चाक इतकं फिरवावं लागायचं, की पेंटरच्या बोटाला घट्टा पडला आणि तिसऱ्या दिवशी चाकातून धूर आला म्हणतात. आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस आता त्याला गुन्हेगारासारखा दिसायचा. कुणी नमस्कार केला तर घाबरून केला, नाही केला तर मग्रुरीने नाही केला. एक्केचाळीस जणांशी एकट्याने वैर निभावायचं म्हणजे खायचं काम नाही. माणूस पार वाळला.

सहाव्या आठवड्यात साडू आला. रस्ता ओलांडून, दुकानात, आपल्या पायांनी.

"आलास शेवटी," पेंटर म्हणाला. ब्रश धुणं त्याने थांबवलं नाही.

"आलो. घरातलं काम घरात झालेलं बरं, म्हटलं."

"आता घर आठवलं? सगळ्या जगात झाल्यावर?"

साडू जरा गोंधळला. "जगात कुठे? इथल्याच चारदोन लोकांनी कुरकुर केलीये."

"चारदोन! वाचलंस ना सगळं?"

"काय वाचलं?"

"नाटकं करू नकोस."

"हे बघा साडूभाऊ, सरळ सांगतो. मला आकडे हवेत."

पेंटरचा हात थांबला. "कसले आकडे?"

"शून्य ते नऊ. तुमच्या वहीत अक्षरं सगळी आहेत, पण आकडेच नाहीत. पाटीवर फोन नंबर लागतो ना! मी यंत्रातले घालतो, तर ते दुसऱ्याच्या कवळीसारखे दिसतात. छापखानेवाले साचा परत करायला लागलेत. तुम्ही दहा आकडे काढून द्या, म्हणाल ते मोल देतो."

वहीत आकडे नव्हते हे खरं. पेंटरने ते कधी उतरवलेच नव्हते. आकडे त्याच्या हातात होते, आणि हात मनगटाला होता.

"वहीत नाहीत," पेंटर हळूच म्हणाला. "म्हणजे वही सापडली."

साडूने जीभ चावली. मग त्यालाही राग आला. "उपकार माना! मी होतो म्हणून तुमचं वळण रस्त्यावर दिसतंय. नाहीतर तुमच्याबरोबरच गेलं असतं वर."

"ऊठ."

"तुमच्याकडे पाट्या कोण टाकतं आता? वर्षाला चार?"

टर्पेंटाइनमध्ये बुडवलेलं फडकं साडूच्या खांद्यावरून भिंतीवर जाऊन आदळलं. साडू जागा सोडून रस्त्याच्या मध्यावर पोहोचला तेव्हा ते फडकं अजून भिंतीवरून घसरतच होतं.

पेंटर खूश झाला. साडूने वाचलंय, हादरलाय, आणि आकड्यांचं निमित्त करून समेटाला आलाय, असं त्याने धरलं. सातवा आठवडा त्याने मोठ्या ऐटीत सुरू केला.

"मित्रांनो," बाई म्हणाली, "आतापर्यंत तुम्ही केलेलं पान फक्त तुमच्याच कॉम्प्युटरवर आहे. तुमच्याशिवाय ते अजून कुणीही पाहिलेलं नाही. आज आपण ते जगासमोर ठेवणार आहोत!"

पेंटरने व्हिडिओ थांबवला. मागे नेला. पुन्हा लावला. बाई पुन्हा तेच म्हणाली, आणि वर हसली. 

मुलगी कामावर निघाली होती. त्याने तिला दारातच अडवलं.

"बाई म्हणते ते खरं?"

"मी बघणार नाही म्हटलं होतं ना?"

"बघू नकोस. नुसतं सांग. माझ्या पानाच्या वर, त्या पट्टीत, फाईल असं काहीतरी येतं."

मुलीने ओठ घट्ट दाबून धरले, पण हसू नाकातून बाहेर पडलं. "बाबा, ते या टेबलाच्या बाहेर गेलंच नाही. समोरच्या खुर्चीलासुद्धा वाचता आलं नसेल."

"म्हणजे सहा आठवडे," पेंटर म्हणाला, "मी भिंतीकडे तोंड करून शिव्या देत होतो?"

"तीनच. आधीचे तीन शिकण्यात गेले."

दुसरा कुणी असता तर इथे गप्प बसला असता, थोडं मनाशी हसला असता. पेंटरला राग आला. औषधवाल्याने मान खाली घातली ती मग कशाला? न्हावी हसला तो कुणाला? फुकटचे एक्केचाळीस शत्रू त्याने स्वतःच्या खर्चाने पोसले होते, आणि त्यांतल्या एकालाही पत्ता नव्हता! यापेक्षा मोठा अपमान कोणता असेल? त्याने व्हिडिओ पुढे लावला, बाईने सांगितलं तसं एकेक केलं, आणि अकराच्या सुमाराला शेवटची कळ दाबली. पान जगासमोर गेलं. या वेळी खरोखर.

खात्री म्हणून त्याने बायकोचा फोन मागितला, पत्ता टाकला आणि फोन तिच्या हातात दिला. "वाच."

बायकोने चष्मा चढवला. फूटपट्टीने मापून बसवलेलं पान त्या वीतभर फोनवर कसं मावणार? 'चो' दिसत होता, 'र' बाहेर गेला होता. साडूचं नाव अर्धं कापलेलं. औषधवाला न्हाव्याच्या अंगावर चढला होता. बायकोने बोटाने इकडे तिकडे सरकवून पाहिलं. मग फोन खाली ठेवला.

"हे कुणी लिहिलंय?"

"कुणी म्हणजे? मी!"

"मग तुमचं अक्षर कुठंय?"

पेंटरने फोन हिसकावून घेतला. आणि त्याला पहिल्यांदा दिसलं. तीन आठवडे तो शब्द बघत होता. अक्षर त्याने पाहिलंच नव्हतं. फोनचं आपलं जे असतं ते मुर्दाड, सरळसोट अक्षर. पोट नसलेला 'अ'. मेलेली मांजर. 'माझ्या हातचं वळण चोरलं' असं पान ओरडत होतं, आणि त्यात त्याच्या हातचा एक कानासुद्धा नव्हता.

"हे वाचून लोक म्हणतील," बायको शांतपणे म्हणाली, "की असल्या माणसाचं चोरायला आहे काय?"

दहा मिनिटांत पान खाली आलं. तेवढ्या वेळात ते कुणी पाहिलं असेल तर त्याने ते कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी मुलगी आली तेव्हा पेंटर तिच्याच वाटेकडे डोळे लावून बसला होता. पान आपल्या अक्षरात दिसायला काय लागतं?

"फॉन्ट लागतो," ती म्हणाली. "तुमचा म्हणजे... काकांचा."

"मी पाटी रंगवून तिचा फोटो टाकला तर?"

"टाका. लोक म्हणतील म्हाताऱ्याने फ्लेक्सची नक्कल केली. वही तुमच्याकडे नाही, आणि साच्यावर नाव त्यांचं आहे."

 पेंटरने पांढऱ्या रंगाचा डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने साडूकडे एक पत्र्याची पाटी पाठवली. बायकोच्या हाती, कारण तिला नाहीतरी बहिणीकडे जायचंच होतं. पाटीवर आकडे होते. शून्यापासून आठपर्यंत. असे आकडे, की सांगायची सोय नाही. म्हणतात, त्यातला पाच बघून साडूच्या दुकानातल्या कारागिराने आपलं वय उगाचच मोजलं. साडूने घाईघाईने ते साच्यात घातले. मग त्याच्या लक्षात आलं.

"नऊ कुठंय?" त्याने मेहुणीला विचारलं.

"विचारलं मी. म्हणाले, साच्यावर माझं नाव आलं की नऊ येईल."

"आणि नाही आलं तर?"

"तर आठवर समाधान माना म्हणाले."

आता त्या भागातले झाडून सगळे फोन नंबर नवाने सुरू व्हायचे. साडू हुशार, त्याने पेंटरचा सहा घेतला, आरशात उलटा केला आणि नऊ म्हणून खपवला. तो नऊ जिन्यावरून घसरलेल्या माणसासारखा दिसत होता. न्हाव्याच्या नव्या फ्लेक्सवर तो लागला तेव्हा लोक दाढी अर्धी टाकून बाहेर येऊन बघायचे. शिंप्याने फ्लेक्स परत केला. औषधवाल्याने तर साडूला दुकानात बोलावून, चार गिऱ्हाइकांसमोर, गेलेला तोल परत आणायचं काही औषध नवाला देऊ का असं विचारलं. बाहेरच्या छापखान्यांचे फोन सुरू झाले. साडू दहा दिवस तग धरून होता. अकराव्या दिवशी सकाळी तो लॅपटॉप काखेत मारून आला. मागून त्याची बायको, तिला बघून पेंटरची बायको आली, आणि दोघी बहिणी दाराशी टेकून बसल्या. पाणी कुणी विचारलं नाही.

"नाव दोघांचं टाकू," साडू बसताबसता म्हणाला. "वळण तुमचं, साचा माझा."

"मग नऊ अर्धा देतो. वरचा की खालचा?"

साडूची बायको तोंडावर पदर धरून हसली. साडूने तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि दातओठ खात स्वतःचं नाव खोडलं. पेंटरचं लिहिलं.

"वडिलांचं राहिलं."

"ते कशाला?"

"तूच विचारलं होतंस, अक्षरं कुणाच्या बापाची."

साडूने तेही लिहिलं. खाली बारीक अक्षरात त्याने काहीतरी आणखी घुसवलं. पण आठ आठवडे वाया गेले नव्हते. पेंटरने चष्मा लावून वाचलं. 'सौजन्य' असा शब्द होता. तो त्याने स्वतः, एका बोटाने, एकेक अक्षर करून पुसला. मग नवा साचा आपल्या कॉम्प्युटरवर आणि सगळ्या छापखान्यांना गेला की नाही ते पाहिलं, तीनदा. आणि मगच ब्रश उचलला.

नऊ त्याने एका दमात काढला. दुकानात कुणी श्वास घेतला नाही. साडूसुद्धा, सवयीने, मान पुढे करून बघत राहिला. पण ते क्षणभरच.

"एवढ्यासाठी माझं रस्ताभर हसं केलंत," तो म्हणाला. "पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही."

"वही पाठवून दे."

"सापडत नाही."

"मग पाय नको ठेवूस."

साडूने ओली पाटी दोन्ही हातांत आडवी धरली, लॅपटॉप काखेत दाबला आणि दाराशी येऊन उभा राहिला. रंग ओला, पाटी कलती करता येईना, कडी काढायला हात मोकळा नाही.

"दार कुणी उघडेल का?"

दोघी बहिणी एकदमच उठल्या. पेंटर उठला नाही. तो पडद्यावरची यादी पुन्हा वरून खाली वाचत होता, आपल्या नावापर्यंत पोहोचून थांबत होता, आणि बारीक बघत होता की काना, मात्रा, वेलांटी साडूने जाणूनबुजून कुठे चुकवली तर नाही ना.